जोडातलं पाणी

मागच्या मार्चमधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलामेडाच्या बोटयार्डात माझी शिडाची बोट ट्रॅव्हलिफ्टच्या, म्हणजे बोटी उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनच्या, दोन पट्ट्यांवर लटकलेली होती, तळाचं शेवाळ आणि शिंपले नुकतेच पाण्याच्या जोरात धुवून काढलेले आणि सगळीकडे तो वास, सडक्या कालवांचा आणि तळाच्या रंगाचा मिळून येतो तो, एकदा कपड्यांना लागला की दोन धुण्यांतही जात नाही. पट्टे लावणारा माणूस एल साल्वादोरचा आहे, पन्नाशी उलटलेला, फार बोलत नाही. तो बोटीखालून वाकून चालत चालत कीलपाशी थांबला. वरचा फायबरचा तळ संपतो आणि खाली शिशाची कील, म्हणजे बोटीला तोल देणारा तळाचा जड पंख, सुरू होते तिथे पुढच्या टोकाला एक बारीक चीर होती, दोन्ही बाजूंना वर वळलेली. त्याने अंगठ्याचं नख त्या चिरेत घातलं आणि सावकाश ओढत नेलं. नखामागून एक थेंब आला, चहाच्या रंगाचा. तो त्याने बोटावर घेतला, जिभेला लावला, थुंकला आणि माझ्याकडे न बघताच स्पॅनिशमध्ये म्हणाला, "एस्ता योरांदो."

रडतेय.

मी म्हटलं, ती चीर दरवर्षीच असते. त्याने मान हलवली आणि पुढच्या बोटीकडे गेला. एवढंच झालं. पण घरी गाडी चालवत येताना माझंच वाक्य मला टोचायला लागलं, कारण हे वाक्य माझं नव्हतंच. नऊ वर्षांपूर्वी ज्याने मला बोट विकली त्याने त्याच चिरेवर हात ठेवून हेच सांगितलं होतं, की जुन्या बोटींना हे असतंच, खरवडायचं, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात मारायचे. आणि मी नऊ वर्षं तेच करत आलो. रंग वाळला की जोड असा गुळगुळीत दिसायचा की त्यावरून हात फिरवताना मला खरंच आनंद व्हायचा, बोटीची काळजी घेतो आहे असं वाटायचं.

बरं, तो विकणारा खोटं बोलला होता असंही नाही, आणि त्यामुळेच हे प्रकरण अवघड होतं. फायबर आणि शिसं हे दोन वेगळे पदार्थ, उन्हात वेगवेगळे फुगतात, लाटेवर वेगवेगळे वागतात, आणि त्यांच्यामधल्या रेषेवर कडक लांबी थापली तर ती तडकणारच. अशी वरवरची चीर शेकडो बोटींना असते आणि त्या वर्षानुवर्षं सुखाने फिरतात. तेव्हा नुसत्या चिरेवरून काहीच ठरत नाही, बोट पाण्याबाहेर काढल्यावर ती किती दिवस ओली राहते हे बघावं लागतं. वरवरची असेल तर ती दुपारपर्यंत सुकते. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी सात वाजता यार्डात गेलो. बोट आता लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, सगळा भार कीलवर आणि बाजूंनी आधाराला लोखंडी टेकू. कील लटकत नसल्यामुळे चीर मिटल्यासारखी झाली होती, लांबून दिसतही नव्हती. जवळ गेलो तर पुढच्या वीतभर भागातून एक तपकिरी ओघळ शिशावर उतरलेला, ओला. तिसऱ्या दिवशीही ओला. चौथ्या दिवशी मी तिकडे गेलोच नाही, कामं आहेत असं घरी सांगितलं.

माझं आजोळ मालवणजवळ सर्जेकोटला. मामाचा मच्छवा होता, आता नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तिथे असायचो तेव्हा पाऊस तोंडावर आल्यामुळे होड्या वर ओढायची घाई असायची, खाली ओंडके टाकून, चाळीस-पन्नास माणसं दोराला आणि कोणीतरी एक आरोळी देणारा. मच्छवा वाळूवर तिरका निजला की त्याच्या पोटाखालचं ते लांब लाकूड दिसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. त्याला पठाण म्हणतात. सगळी होडी त्या लाकडातून वर उगवते, आधी पठाण मांडायचा, त्यावर फासळ्या उभ्या करायच्या आणि मग फळ्या. वजन म्हणून आत नीरम घालायचं, म्हणजे दगड नाहीतर वाळूची पोती, माल भरला की काढून टाकायचं. म्हणजे होडीचा कणा वेगळा आणि वजन वेगळं. माझ्या बोटीत तसं नाही, 1979 ची ही सत्तावीस फुटी बोट, आणि तिचा कणा म्हणजे सव्वा टन शिशाचा एक पंख, जो बोटीतून उगवलेला नाही तर खालून सात बोल्टांनी टांगलेला आहे. बोट घेतली तेव्हा मी मामाला फोनवर हे सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "टांगलेला? पठाण टांगलेला?"

तेव्हा मी त्याला समजावलं होतं की मामा, हे इंजिनिअरिंग आहे. आता त्या ओल्या ओघळापुढे बसून मी स्वतःलाच कागदावर गणित घालून दाखवत होतो. कीलचं वजन बाराशे किलो धरलं आणि ते वजन जोडाच्या साठ सेंटिमीटर खाली आहे असं मानलं. बोट सरळ उभी असताना बोल्टांवर फक्त ते वजन, म्हणजे काहीच नाही, एका बोल्टावरही टांगता येईल. पण वाऱ्याच्या जोरदार झोताने बोट पार आडवी झाली की तेच वजन साठ सेंटिमीटरच्या दांड्यासारखं काम करतं आणि त्याला धरायला बोल्टापासून जोडाच्या कडेपर्यंत फक्त बाराएक सेंटिमीटर असतात. म्हणजे पाचपट. सहा टन, सात बोल्टांवर मिळून. लांब दांड्याच्या पान्याने गच्च नट हलतो ना, तसंच, फक्त पाना इथे समुद्राच्या हातात. आणि गोल्डन गेटमधून उन्हाळ्यात रोज दुपारी जो वारा आत घुसतो त्यात माझी बोट पंचवीस अंश कललेली असणं ही रोजचीच गोष्ट आहे. मुलगी त्या वेळी वरच्या काठावर पाय बाहेर सोडून बसते आणि ओरडते, आणखी आणखी.

मी नऊ वर्षं त्या जोडाला लांबी लावत होतो आणि त्याच्यावर मुलीला बसवत होतो.

कील गेलेल्या बोटींच्या गोष्टी शिडाच्या बोटी चालवणाऱ्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात आणि सगळेच त्या लवकर विसरतात. मे 2014 मध्ये 'चीकी रफिकी' नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत चालली होती, चार जण होते, सगळे अनुभवी किंवा तरुण आणि तयारीचे. अटलांटिकच्या मध्यात बोटीत पाणी यायला लागलं. त्यांनी कळवलं की तळ तपासला, व्हॉल्व तपासले, पण पाणी कुठून येतंय ते सापडत नाही. नंतर उलटी पडलेली बोट सापडली, कील नव्हती, आणि ते चौघे कधीच सापडले नाहीत. ब्रिटनच्या तपासणी अहवालात म्हटलं होतं की आधी कधीतरी बोट तळाला घासली होती, दुरुस्त्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्याचा मिळून जोड कमकुवत झाला असावा. तो अहवाल मी बोट घेतली त्या वर्षी वाचला होता, सगळा. वाचून हळहळलो होतो. आणि त्याच वर्षी बर्कलीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी चिखलात दोनदा रुतलो होतो, एकदा बऱ्यापैकी जोरात, चहाचे कप टेबलावरून खाली आले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या मनात तेव्हा आलंच नाही, चिखल म्हणजे मऊ, एवढंच.

मामाला व्हिडिओ कॉल केला. तो आता ब्याऐंशीचा आहे, एका डोळ्याने कमी दिसतं, तरी फोन नाकाला लावून त्याने जोड बघितला. मी सांगितलं की बाहेरून ओल येतेय, लांबी काढून पुन्हा सीलंट भरावं म्हणतोय. तो म्हणाला, "पाणी खयसून येता ता बघ. खय दिसता ता कोण पण बघता." आणि मग विचारलं, आत पाणी घालून बघितलंस काय? आणि मला एकदम ते आठवलं, वाळूवरचा मच्छवा, त्याच्या आत पोरांकडून घागरी घागरी पाणी ओतून घेणारा मामा, आणि मग तो बाहेरून गुडघ्यावर बसून एकेक फळी बघत जाणारा, जिथे थेंब फुटेल तिथे कोळशाने रेघ मारणारा. त्या रेघांवर मग कापसाची वात ठोकून बसवायची, वर राळ आणि तेल. आम्हाला वाटायचं पाणी ओतणं हा खेळ आहे. बाहेरचं पाणी आत कुठून येतं हे समुद्रात कळत नाही, पण आतलं बाहेर कुठून जातं हे जमिनीवर बसून निवांत बघता येतं.

तर शनिवारी मी बिल्ज कोरडं केलं, म्हणजे बोटीच्या तळाचा तो खड्डा जिथे बोल्टांची वरची टोकं आणि नट दिसतात, आणि त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, स्वयंपाकघरातला लाल रंग घालून. खाली येऊन स्टुलावर बसलो. पाऊण तास काही नाही. मग दुसऱ्या बोल्टाच्या खाली, बरोबर त्याच्या खाली, जोडात एक गुलाबी ठिपका आला. बघता बघता फुगला आणि ओघळला. त्याच्या मागून दुसरा. मी किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे. पट्टे लावणारा तो साल्वादोरचा माणूस जेवणाचा डबा घेऊन चालला होता, तो थांबला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि आम्ही दोघं तो लाल ओघळ शिशावरून खाली जाताना बघत राहिलो. या वेळी तो काही बोलला नाही.

कील उतरवायचं ठरलं. यार्डाने जो आकडा सांगितला तो बोटीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होता. बायको म्हणाली, त्या पैशात दुसरी चांगली बोट येईल की. बरोबर होतं तिचं, आणि दुसऱ्या बोटीचा जोड आतून कसा आहे हे कोण सांगणार हा माझा प्रश्नही बरोबर होता. अर्धं काम मी स्वतः करायचं अशा बोलीवर आकडा खाली आला. सगळे नट काढले, कील लाकडी चौकटीत पाचरी मारून पक्की केली आणि ट्रॅव्हलिफ्टने बोट वर उचलायला घेतली. सुटेना. चाळीस वर्षांपूर्वीचं सीलंट होतं, जिथे धरलं होतं तिथे असं धरलं होतं की पूर्ण कील बोटीबरोबर वर यायला लागली. दोन दिवस बारीक पाती, तार आणि पाचरी, चारही बाजूंनी थोडं थोडं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाड कापड फाटावं तसा लांब आवाज झाला आणि मध्ये उजेड दिसला. बोट आणि कील यांच्यामधून पलीकडचं कुंपण दिसत होतं. पोटात कालवलं माझ्या.

दुसऱ्या बोल्टाचा शिशाबाहेरचा तुकडा कापून मी अजून ठेवलाय, आता लिहिताना समोरच आहे. पाऊण इंची स्टेनलेस. वरचे आटे लख्ख, नट जिथे बसायचा तिथे दुकानातून आणल्यासारखे. पण खाली जोडाच्या पातळीवर तो कमरेत आवळल्यासारखा झालाय, निम्माही उरलेला नाही, आणि उरलेल्या भागाला बारीक बारीक भोकं, काळी, कडा धारदार, बोट फिरवलं तर त्वचेला लागतात. स्टेनलेस गंजत नाही असं आपण म्हणतो, पण ते कशामुळे, तर त्याच्यावर हवेतल्या ऑक्सिजनने एक अतिशय पातळ थर बनतो आणि ओरखडा पडला की पुन्हा बनतो. जिथे खारं पाणी आहे आणि ऑक्सिजन पोचत नाही, फटीत, सीलंटच्या आत, तिथे तो थर मोडला की पुन्हा बनत नाही आणि मग धातू आतल्या आत खाल्ला जातो. म्हणजे उघड्यावर भिजला असता तर हा बोल्ट टिकला असता. मी बाहेरून लांबी लावून फट जितकी छान बंद करत होतो तितका तो आत गुदमरत होता, आणि पाणी तर वरून, बिल्जमधूनही त्याच्यापर्यंत पोचतच होतं. हे समजलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सातातले तीन असे होते. बाकीचे चार धड होते, अगदी धड, आणि नऊ वर्षं आम्हाला त्या चौघांनी सांभाळलं.

बिल्जच्या तळात, नटांच्या खाली, त्या काळच्या पद्धतीने जाडी यावी म्हणून फायबरच्या थरांमध्ये प्लायवुड घातलेलं होतं. ते पार कुजलं होतं. पटाशी लावली की चिखलासारखं निघायचं, काळं, आंबूस वासाचं. असं भिजलेलं प्लाय दबतं, ते दबलं की नट आपोआप सैल, नट सैल की जोड हलतो, हलला की आणखी पाणी. तो भाग सगळा खणून काढायला मला तीन शनिवार-रविवार लागले, डोकं खाली आणि पाय केबिनमध्ये अशा अवस्थेत. मग सुकवणं. गरम दिवा आणि पंखा लावून ठेवायचा, आठवड्यातून दोनदा ओल मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. घाई करून चालत नाही, ओल्यावर इपॉक्सी भरलं तर ओल आतच राहते. इथे एप्रिल संपला की पाऊस नाही हे बरं, तरी धुक्याच्या सकाळी आकडा पुन्हा चढायचा.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत मी 'सुहेली'बद्दल पुन्हा वाचत होतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची बत्तीस फुटी बोट, मुंबईत, कुलाब्याला सागवानात बांधलेली, आपल्या सुतारांच्या हातची. 1968 च्या जूनमध्ये तो एकटा फालमथहून निघाला आणि 312 दिवस कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 ला तिथेच परत आला, असं करणारा पहिला माणूस. हे सगळ्यांना माहीत असतं. पण निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत बोटीत पाणी यायला लागलं होतं, आणि ते नेमकं कीलच्या लगतच्या फळीच्या सांध्यातून. समुद्रात उतरून त्याने बघितलं तर बोट हलेल तशी ती फट हलत होती. मग अंगात निळा शर्ट आणि जीन्स चढवून, कारण गोरी कातडी शार्कना लांबून दिसते, तो भर समुद्रात पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला, फटीत कापूस भरायचा, वर डांबर लावलेली कापडाची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकायची, एका श्वासात जेवढं होईल तेवढं. मध्ये शार्क आला, तो त्याला गोळी घालून मारावा लागला. मला त्यातला शार्क महत्त्वाचा वाटत नाही. मला वाटतं ते हे, की पाणी येतंय म्हटल्यावर पंप मारत राहणं सोपं होतं आणि तो खाली बघायला उतरला. आणि भरलं काय, तर कापूस. मामाने भरला असता तेच.

पुढचं काम यार्डातल्या लोकांनी आणि मी मिळून केलं. खड्डा फायबरच्या थरांनी आणि इपॉक्सीने भरून काढला, लाकूड अजिबात नाही. शिशात ओतलेले जुने बोल्ट बाहेर काढता येत नाहीत, म्हणून त्यांच्या शेजारी नवी भोकं पाडली, फूटभर खोल. शिसं मऊ असतं म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण ते चिकट असतं, ड्रिलला मिठी मारतं, दर इंचाला ड्रिल बाहेर काढून साफ करावं लागतं, तेल सोडत राहावं लागतं. भोकातून चांदीच्या सुरळ्या निघायच्या, इतक्या सुंदर की उचलून घ्याव्याशा वाटायच्या, आणि प्रत्येक सुरळी मोजल्यासारखी गोळा करून डब्यात बंद करायची, हातमोजे, मास्क, जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, शिसं ते शिसंच. जुलैच्या शेवटी दोन्ही पृष्ठभागांवर सीलंट थापून बोट खाली घेतली, चार जण चार कोपऱ्यांना, बोल्ट भोकांत येतायत ना ते बघत, आणि शेवटचे दोन इंच कोणीच बोलत नव्हतं. चारही बाजूंनी सीलंट सारखं बाहेर आलं. नट आधी बेताचेच आवळले, नाहीतर सगळं सीलंट पिळून निघून जातं. ते धरल्यावर मग मोजून, मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत. शेवटच्या फेरीत टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरलेला जोर लागला की कळवणाऱ्या पान्याचा, तो 'टक' आवाज सात वेळा ऐकला.

पाण्यात सोडायच्या दिवशी बोट पुन्हा पट्ट्यांत लटकली तेव्हा साल्वादोरचा तो माणूस कुणी न सांगता खाली गेला. नख लावलं, पुढून मागे, मागून पुढे. अंगठा पँटला पुसला आणि हात वर केला, सोडा म्हणून.

पहिल्या रविवारी एकटाच बाहेर गेलो, मुलीला मुद्दाम नेलं नाही. दुपारी वारा बावीस-तेवीस नॉटपर्यंत चढला, बोट कलली, लाटा पोटावर आपटत होत्या आणि मी सुकाण सांभाळत कान तळाशी लावल्यासारखा बसलो होतो. संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर प्रत्येक नटाखाली टिश्यू पेपरची एकेक घडी ठेवली, पेन्सिलने एक ते सात आकडे घालून. सोमवारी सकाळी सातला गेलो, टॉर्च घेऊन केबिनमध्ये उताणा आडवा झालो, फळी उचलली. एक कोरडा. दोन कोरडा, तो दोनदा बघितला. तीन कोरडा. चौथ्याच्या कडेला नखाएवढा ओला डाग होता. पाच, सहा, सात कोरडे. चौथी घडी घेऊन वर उजेडात आलो. रात्रीचं धुकं अजून उठलं नव्हतं, डेकवर, दोरांवर, सगळीकडे पाण्याचे मणी लागलेले. कागद जिभेला लावला.

गोडं होतं.

नवीन घडी केली, त्यावर चार लिहिलं आणि खाली ठेवून आलो.